दाजी, मेव्हणा आणि मोटारीचा डबा

लातूरच्या गंजामागं, म्हणजे धान्याच्या बाजारामागं, गुरुपादप्पा पांचाळाची लोहारकी होती. नांगराचा फाळ असो, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव असो, की एखाद्या अडत्याच्या कोठाराची कडी असो, माणूस काम घेऊन आला की गुरुपादप्पा आधी त्याला शिव्या घालायचा, मग वस्तूला, आणि शेवटी ती वस्तू ज्यानं आधी दुरुस्त केली असेल त्याला. ही तिसरी शिवी सगळ्यांत लांब असायची. पुष्कळदा आधीची दुरुस्तीही त्याचीच निघे. मग तो अजिबात न ओशाळता म्हणायचा, "तवा लोखंडच बरं मिळत न्हवतं."

हात मात्र सोन्याचे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं त्यानं जो तमाशा केला तो ऐकून त्याच्याविषयी कुणाचंही मत बिघडेल. माझंही एकदा बिघडलं आणि मग सुधारलं.

दुसऱ्या लढाईचे दिवस. निजामाच्या मुलखात साखर आणि रॉकेलसुद्धा कुपनावर मिळत होतं. लातुरात तेव्हा मोटारी बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्यातली सगळ्यांत म्हातारी मोटार बापूसाहेब वकिलांची. बापूसाहेबांनी ती बिदरकडच्या एका जहागीरदाराकडून घेतलेली. महिन्यातून दोनदा ती त्यांना चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडच्या कोर्टात पोचवायची. सपाटीला शहाण्यासारखी चालायची. पण उतार लागला की गिअरची दांडी आपोआप निसटायची आणि मोटार मोकाट सुटायची. ब्रेक होते, पण ते देवावर भरवसा असणाऱ्यांसाठी.

बापूसाहेबांनी यावर वकिली तोड काढली होती. बरोबर येणाऱ्या पक्षकाराला ते पुढं बसवत आणि दोन्ही हातांनी दांडी धरून ठेवायला लावत. नांदेडपर्यंत दांडी धरून पक्षकाराच्या हाताला फोड येत, पण खटला मोफत सल्ल्यासकट चालत असल्यानं कुणी कुरकुर करत नसे. असं तीन वर्षं चाललं. त्या साली गौरी-गणपतीनंतर मात्र अहमदपूरच्या पुढच्या उतारावर एका भाविक पक्षकाराला लांबून देवळाचं शिखर दिसलं. त्यानं डोळे मिटून दोन्ही हात जोडले. दांडी सुटली, आणि वकील, पक्षकार, खटल्याचे कागद असं सगळं मिळून तुरीच्या शेतात उतरलं. कुणाला काही लागलं नाही. मोटार बैल जुंपून चौथ्या दिवशी लातुरात आली आणि गुरुपादप्पाच्या दारात उभी राहिली.

नेमका त्याच वेळी त्याचा मेव्हणा धोंडप्पा बहिणीकडं पाहुणा आलेला. धोंडप्पा नांदेडला स्टेशनाजवळ मोटारींच्या कामावर होता. खाकी सदरा घालायचा आणि पेन ठेवतात तसा खिशात पाना ठेवायचा. जेवताना सुद्धा तो पाना खिशात असे. त्यानं मोटारीखाली डोकं घातलं, दांडी दोनदा हलवली आणि बाहेर येऊन हात झटकले.

"बाद झालाय गिअरचा डबा. आतली चाकं बदलावी लागतील, अन् लढाई संपेतवर विलायतेहून चाक येत न्हाई. वकीलसाहेब, कोंबड्या पाळा हिच्यात."

बापूसाहेबांचं तोंड उतरलं. गुरुपादप्पानं आयुष्यात मोटारीचा डबा उघडलेला नव्हता. पण मेव्हणा आपल्याच अंगणात उभा राहून निकाल देतो, हे त्याला सोसलं नाही.

"नांदेडच्या लोकास्नी बदलायचंच येतं," तो म्हणाला. "घडवायला हिंमत लागती. दसऱ्याला ही मोटार शिवेवरच्या शमीला जाईन, अन् पलीकडचा उतार दांडीला हात न लावता उतरंन. डबा मी जोडतो."

"अन् न्हाई जमलं तर?"

"तर तुज्या पाया पडीन. जमलं तर जोडणाऱ्याच्या पाया तू पडायचं. गावासमोर."

आता यात काय मोठंसं, असं परमुलखातल्या माणसाला वाटेल. पण आमच्याकडं बहिणीचा नवरा मानाचा. तो वयानं लहान असला तरी मेव्हण्यानं दसऱ्याला त्याच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवायचं आणि त्याचे पाय धरायचे. धोंडप्पा तसाही दरसाल धरतच होता, म्हणजे त्याचं हरून काहीच जाणार नव्हतं. गुरुपादप्पाचं मात्र सगळंच जाणार होतं. बायकोच्या धाकट्या भावाच्या पायावर डोकं ठेवलेला दाजी लातुरात ना लग्नाला जाऊ शकला असता ना मयताला. बापूसाहेबांनी सवयीप्रमाणं दोघांकडून पैजेचे शब्द दोन-दोनदा म्हणवून घेतले आणि "कबूल?" असं विचारलं. दोघंही "कबूल" म्हणाले.

ओसरीवर गुणाबाई तांदूळ निवडत बसली होती. एकीकडं नवरा, एकीकडं पाठचा भाऊ. आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं खडे जरा जोरात फेकले.

दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पानं डबा खाली उतरवून उघडला, तर आत लापशीसारखं काहीतरी. बोटानं चाचपलं, हुंगलं. लाकडाचा भुसा आणि चरबी! जहागीरदारानं मोटार विकताना डब्याचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून आत सूपभर भुसा कोंबला होता. "काय शांत चालते हो," असं म्हणून बापूसाहेबांनी तेव्हा त्याचं कौतुकही केलेलं. त्यांना बोलावून गुरुपादप्पानं तो भुसा सुपात काढून दाखवला. हजारोंचे दस्तऐवज तपासणारा माणूस सुपात बोट घालून बघत म्हणाला, "गुरुपादप्पा, हे गंजात कुणाला सांगू नका." संध्याकाळपर्यंत ते उदगीरला पोचलं होतं.

भुसा निघाल्यावर रोग दिसला. दोन चाकं एकमेकांना ज्या नख्यांनी धरून ठेवतात त्या नख्या झिजून गोल झाल्या होत्या, म्हणून उतारावर धरलेलं सुटायचं. चाकांच्या मधला दांडा ज्या पितळी कड्यात फिरतो ते कडंही कागदासारखं पातळ झालेलं. गुरुपादप्पाला आनंद झाला. हे तर आपलंच काम!

नख्या त्यानं कानशीनं घासून पुन्हा धारदार केल्या. पण घासलेलं लोखंड मऊ, त्याला वरून पाणी चढवून कडक करायला हवं. त्याची कृती त्याच्या आज्याची होती: पोळ्याला बैलांची शिंगं तासताना जमवून ठेवलेला शिंगांचा भुगा, चांभाराकडचे कातड्याचे तुकडे, मीठ, हे सगळं चाकांबरोबर मडक्यात भरायचं, तोंड मातीनं लिंपायचं आणि दिवसभर निखाऱ्यात पुरायचं. मग लाल चाक तेलात बुडवायचं. त्या दिवशी जो वास सुटला त्यानं गंजातला लिलाव थांबला. एका हमालानं तर मेलेलं जनावर शोधायला चार गल्ल्या पालथ्या घातल्या. पण नख्या अशा झाल्या की कानस वरून घसरू लागली.

पितळी कड्याचा प्रश्न त्यानं जास्त सोप्या रीतीनं सोडवला. चुलीजवळ एक पितळी तांब्या होता, तो उचलून त्यानं वितळवायला मुशीत टाकला. तांब्या मागच्या भाऊबीजेला धोंडप्पानं बहिणीच्या ओवाळणीत घातलेला. गुणाबाईला दुसऱ्या दिवशी पाणी भरताना कळलं. तिनं भट्टीकडं बघितलं, ओतलेल्या कड्याकडं बघितलं, आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. गुरुपादप्पाला वाटलं, चला, निवांत काम होईल.

त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कामाची शिस्त होती. डब्यातून जे ज्या क्रमानं निघालं ते त्यानं अंगणात एका पोत्यावर त्याच क्रमानं मांडून ठेवलं होतं. चुकी नको म्हणून प्रत्येक चाकावर पानाच्या चंचीतल्या चुन्याचे ठिपके दिले, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे. कुठली बाजू आत, कुठली बाहेर, तेही ठिपक्यांवरून कळायचं. यातली तीन चाकं जवळजवळ एकाच मापाची होती, तेव्हा सगळी मदार त्या चुन्यावर. "पोत्याला कुणी पाय लावायचा न्हाई," असं तो घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि शेजाऱ्यांच्या शेळीलाही बजावून चुकला होता.

डब्यात घालायला तेल हवं होतं. मोटारीचं तेल लढाईवर गेलेलं, पण एरंडेल चालेल असा त्याचा हिशेब. खंडेनवमीला घाणे बंद राहतात म्हणून तो अष्टमीलाच रेणापूरला गेला, रात्री तिथं मुक्काम केला आणि नवमीच्या दुपारी तेलाचा डबा खांद्यावर घेऊन घरी आला.

अंगणातलं पोतं रिकामं होतं.

आत देवीपुढं चौरंग मांडलेला. त्यावर घण, सांडशी, कानशी, आणि त्यांच्याभोवती डब्यातली सगळी चाकं. चिंच आणि राखेनं घासून चांदीसारखी लख्ख केलेली, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत उतरंडीनं लावलेली, प्रत्येकाला हळदीकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. समई तेवत होती. गुणाबाई नवं लुगडं नेसून आरतीची तयारी करत होती.

"अगं, ठिपके?" गुरुपादप्पाच्या तोंडातून एवढंच निघालं.

"कसले ठिपके?"

"चुन्याचे! चाकावरचे!"

"ते व्हय? पांढरे डाग व्हते, ते चिचंनं निघाले. देवीपुढं घान ठिवायची का? अन् पाय लावायचा न्हाई म्हनला व्हता, म्या हात लावला."

हत्यारं पूजेला मांडली की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाहीत, हे पांचाळाच्या घरात सांगावं लागत नाही. म्हणजे हातातला नवमीचा उरलेला दिवस गेला, आणि क्रमही गेला. गुरुपादप्पा समोर बसला आणि ओळखायचा प्रयत्न करू लागला. चाकं फुलं घालून त्याच्याकडं बघत होती.

मग तो जे बोलला ते त्यानं बोलायला नको होतं. "भावाची बाजू घितलीस," तो म्हणाला. "तांब्याचा सूड घितलास. मी त्याच्या पायावर पडंल ते बगायचंय तुला." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला लोखंड कमी पडल्याबद्दलसुद्धा बोल लावले होते, पण बेइमान कधी म्हटलं नव्हतं. गुणाबाईनं हातातली निरांजनं खाली ठेवली, घागर उचलली आणि पाण्याला गेली. विहीर जवळ होती, तरी तिला परत यायला बराच वेळ लागला. इथं माझं त्याच्याविषयीचं मत बिघडलं.

दसऱ्याला उजाडताच उत्तरपूजा झाली. गुरुपादप्पानं हळदीकुंकू पुसलं आणि डबा जोडायला घेतला. पहिल्यांदा जोडला तर दांडा फिरेना. खोलला. चाकं पालटून जोडला, तर फिरला, पण दोन गिअर एकदम लागून मध्येच करकचून थांबला. पुन्हा खोलला. दुपार झाली. दारात गंजातली निम्मी माणसं जमली होती आणि प्रत्येकाला डबा कसा जोडायचा ते ठाऊक होतं.

अशात धोंडप्पा आला. नांदेडहून लॉरीनं आलेला, डोक्याला गुलाबी फेटा. ओसरीवर बाजेवर बसला आणि पाय लांब केले.

"पाय धुऊन आलो, दाजी," तो म्हणाला. "उगं तुमच्या कपाळाला धूळ लागाय नगं."

माणसं हसली. गुरुपादप्पा हसला नाही. तिसऱ्यांदा जोडलेला डबाही अडकला, तेव्हा तो खोलून त्यानं चाकं पुढ्यात पसरली. घरातून पुरण वाटल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

गुणाबाई हात पुसत बाहेर आली, पदर खोचून त्याच्यासमोर बसली आणि एक चाक उचलून दातांवरून बोट फिरवू लागली, जात्याच्या पाळीवरून फिरवावं तसं.

"ह्याचा जोडीदार कोनता?" ती म्हणाली.

"तेच तर कळंना."

"जात्याची वरची पाळी दुसऱ्याच्या जात्यावर बसती का? ज्याच्यासंगं झिजली त्याच्यासंगंच बसती." तिनं दुसरं चाक उचललं, दातांत दात घालून बघितलं, ठेवून दिलं. तिसरं उचललं. "ह्याचा दात उजवीकून खाल्लाय. ह्याचा डावीकून. अन् हितं बगा, ह्याची कड उडाली, तितंच त्याला वरखडा हाय. ही दोगं वीस वरसं एकमेकाला घासून राहिली. आता दुसऱ्यासंगं कशी फिरतील?"

चाकं एकमेकांत बसली. खरंच, फट राहिली नाही.

गुरुपादप्पानं तिच्याकडं बघितलं. "तुला कसं कळलं?"

"धुताना. बोटाला लागत व्हतं."

"मग काल काहून न्हाई सांगितलं?"

"काल तुमीच बोलून राहिला व्हता," गुणाबाई म्हणाली. आणि मग चाकाकडं बघत, खालच्या आवाजात, "म्या पुजलं ते तुमी जिंकावं म्हनून. दुसरं कशाला पुजते?"

गुरुपादप्पाला जमीन दुभंगावी असं झालं. शिव्यांचं एवढं भांडार असलेला माणूस, पण त्या वेळी स्वतःला घालायला त्याला एकही शिवी सापडली नाही. तो नुसता हात पुढं करून बसला आणि ती एकेक चाक त्याच्या हातावर ठेवत गेली, बाजू दाखवून. "हे असं. हे उलटं न्हाई, हे असं." तो बसवत गेला.

"आक्का," बाजेवरून धोंडप्पा ओरडला, "हे पैजेत बसत न्हाई!"

"तुजा च्या गार होऊन राहिला," आक्का म्हणाली.

शेवटी पितळी कडं बसलं, झाकण लागलं, एरंडेल ओतलं. गुरुपादप्पानं दांडा हातानं फिरवला. डबा सगळ्या गिअरमध्ये सुरळीत फिरला. चार गड्यांनी उचलून तो मोटारीखाली बसवला तेव्हा उन्हं कलली होती आणि शिवेकडं निघालेल्या पालखीचे ताशे ऐकू येत होते.

मोटार बापूसाहेबांनीच चालवली. शेजारी गुरुपादप्पा, मागं पंच म्हणून धोंडप्पा. गाव आधीच शमीच्या माळावर जमलं होतं. पलीकडचा उतार लागला तसे बापूसाहेबांनी सवयीनं डोळे बारीक केले. गुरुपादप्पानं दोन्ही हात डोक्यावर धरले. दांडी जागची हलली नाही. इंजिनानं गाडी धरून ठेवली, आणि ती बैलगाडीच्या चालीनं, गुरगुरत, तळाला ओढ्यापर्यंत उतरली आणि वळून परत माळावर आली. लोकांनी गुलाल उधळला. बापूसाहेब खाली उतरले, फेटा सावरला आणि कोर्टात बोलावं तसं खणखणीत बोलले: "पैज दाजींनी जिंकली."

धोंडप्पा तसा दिलदार गडी. त्यानं खिशातला पाना काढून बाजूला ठेवला, हातात आपट्याची पानं घेतली आणि वाकला. गुरुपादप्पानं पाय मागं घेतले.

"माजे न्हाई," तो म्हणाला. "जोडणाऱ्याच्या पाया पडायचं ठरलं व्हतं. मी तीनदा जोडला, तिन्हीदा अडकला. चौथ्यांदा हिनं जोडला. तुजी बहीण हाय, तिच्या पड."

बायकांच्या घोळक्यात गुणाबाई उभी होती. धोंडप्पाला त्यात काय जड? थोरली बहीण. तो हसत गेला आणि पाया पडला. पण गर्दीत मागून कुणीतरी ओरडलं, "मग हरलेले दोन हायेत की!" आणि सगळा माळ गुरुपादप्पाकडं बघू लागला. बापूसाहेबांनी घसा खाकरला आणि पैजेचे शब्द मनात म्हणून बघितले. ओरडणाऱ्याचं बरोबर होतं: 'डबा मी जोडतो' म्हणणाराही हरला होता, आणि हरलेल्यानं पडायचं ते जोडणाऱ्याच्या पाया.

गुरुपादप्पा शब्दाचा पक्का. तो गुणाबाईकडं निघाला.

"अवं, काय करून राहिलात!" ती मागं सरली. तो वाकला, ती आणखी मागं. तो वाकल्या वाकल्याच चार पावलं पुढं गेला. नवऱ्यानं पाया पडायचं म्हणजे पाप कुणाच्या माथी, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती मोटारीला वळसा घालून पळाली, तो वाकून मागं. दोन फेऱ्या झाल्या. पोरं-थोरं सगळी हसून लोळायची बाकी. शेवटी तिला दुसरं काही सुचलं नाही. पायदानावर पाय देऊन ती मोटारीत चढली, दार लावून घेतलं आणि मागच्या गादीवर पाय पोटाशी घेऊन, लुगड्यात लपवून बसली. वकिलाच्या मोटारीत.

गुरुपादप्पा पायदानापाशी थांबला. त्यावर पडलेल्या गुलालात तिच्या पावलाचा ठसा उमटला होता. त्यानं त्याला दोन्ही हात लावले आणि कपाळाला लावले.

"चुकलो," तो म्हणाला. ते फक्त तिलाच ऐकू गेलं.

बापूसाहेबांनी इंजिन चालू केलं. गुरुपादप्पा उठून पुढच्या जागेवर बसायला निघाला, तेव्हा मागचं दार उघडलं, आणि गुणाबाईनं आपल्या शेजारची गादी पदरानं झाडली.